साबणाचा साचा म्हणून घरातला कुठलाही डबा चालत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पुरवणीत घरी साबण करण्याबद्दल लेख आला होता. लेख चांगला होता, तो वाचून माझ्या ओळखीतल्या दोघीतिघींनी लगेच फोन केले की आम्हालाही करायचाय, काय काय आणू, आणि मला आनंदच झाला कारण आमच्या घरात गेली सहा वर्षं घरचाच साबण वापरतात. पण त्या लेखात तेल किती, कॉस्टिक किती, पाणी किती हे सगळं ग्रॅममध्ये नीट दिलेलं आणि साच्याबद्दल मात्र एकच ओळ, की मिश्रण घरातल्या कुठल्याही डब्यात ओता. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, पण कृपा करून छापा, कारण त्या कुठल्याही डब्यात अ‍ॅल्युमिनियमचा डबाही येतो.

माझी दुसरीच बॅच होती. केकचा एक लांबट डबा घरात होता, हलका, चंदेरी, अगदी वडीच्या मापाचा, मला वाटलं याहून चांगला साचा कुठे मिळणार. मिश्रण ओतलं आणि मिनिटाभरात कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले, आधी वाटलं हवा अडकली असेल म्हणून डबा ओट्यावर आपटला, तर बुडबुडे वाढले, फसफसायला लागलं आणि डबा बाहेरून इतका तापला की फडक्याशिवाय धरवेना. पिवळसर मिश्रण कडेकडेनं राखाडी, मग काळपट होत गेलं. तसाच उचलून बाहेर उघड्यावर नेऊन ठेवला. नंतर सगळं काढून टाकल्यावर बघितलं तर डब्याच्या आतला गुळगुळीतपणा गेला होता, बोट फिरवलं की खरखर लागायची आणि तळाला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले होते.

झालं असं की कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, अ‍ॅल्युमिनियमला खातो. अ‍ॅल्युमिनियमवर मुळात ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, एरवी धातूला वाचवतो तोच, पण कॉस्टिकमध्ये तो विरघळतो, मग आतला धातू उघडा पडतो आणि पाणी, कॉस्टिक नि धातू मिळून हायड्रोजन वायू सुटतो. ते बुडबुडे हवेचे नव्हतेच, हायड्रोजनचे होते, आणि हायड्रोजन पेट घेतो. शेजारी गॅस चालू असता तर काय झालं असतं हा विचार आजही येतो. शिवाय तेलासाठी मोजून घेतलेलं कॉस्टिक धातूत खर्च झालं, म्हणजे माप चुकलं, आणि साबणात धातू उतरला तो वेगळाच, त्यामुळे ती बॅच वापरायचा प्रश्नच नव्हता.

डबा अ‍ॅल्युमिनियमचा आहे का हे ओळखायला लोक लोहचुंबक लावतात. चुंबक चिकटला तर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम नसतं हे खरं, पण नाही चिकटला तर तो अ‍ॅल्युमिनियमच असं नाही, कारण स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यापेक्षा हातात तोलून बघा, स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड असतं. शंका असेल तर तो डबा नकोच. नॉनस्टिकचा डबा तर अजिबात नको, वरचा थर काळा दिसतो पण खाली बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच असतं आणि एक ओरखडा पुरतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि कलई केलेला डबा यांचंही कॉस्टिकशी जमत नाही, तांब्यापितळेचं भांडं असेल तर साबण लवकर खवट होतो. स्टील चालतं, पण ते वाकत नाही त्यामुळे साबण त्यातून निघत नाही, ते पुढे सांगतेच.

(जुन्या काळी लोक काय करायचे असं एकीनं विचारलं म्हणून सांगते, त्यांच्यापुढे हा प्रश्नच नव्हता. अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढायची रीत अमेरिकेतला हॉल आणि फ्रान्समधला एरू या दोघांनी एकमेकांना नकळत शोधली ती १८८६ मध्ये, त्याआधी अ‍ॅल्युमिनियम घराघरात नव्हतंच. साबण शिजायचा लोखंडी कढईत आणि ओतला जायचा लाकडाच्या नाहीतर लोखंडाच्या चौकटीत. त्या चौकटींच्या बाजू सुट्या असायच्या, बोल्टनं कसलेल्या, साबण घट्ट झाला की बाजू काढून घ्यायच्या आणि उभी राहिलेली लादी तारेनं कापायची. मला साच्याबद्दल जे सांगायचंय ते सगळं त्या चौकटीत आहे.)

कारण साचा म्हणजे नुसतं ओतायचं भांडं नसतं. ओतणं सोपं असतं, अडतं ते काढताना. नवीन करणारे सगळे ओतण्याचा विचार करतात, काढण्याचा कोणी करत नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी डबा उलटा करून ठोकत बसतात, सुरी घालतात, वडीचे कोपरे तुटतात, शेवटी डबा कापून साबण काढतात आणि म्हणतात साचा एकदाच वापरता येतो. कार्टनमध्ये ओता आणि फाडून काढा हा सल्ला त्यातूनच आलाय. सुरुवातीला एखादी बॅच तशी करायला माझी ना नाही, पण महिन्याला बॅच करणाऱ्या माणसानं दर वेळी कार्टन शोधायचं आणि फाडून टाकायचं हे काही खरं नाही. शिवाय सगळी कार्टन सारखी नसतात. फ्रीजमध्ये ठेवायच्या दुधाच्या साध्या कार्टनला आतून नुसता प्लॅस्टिकचा थर असतो, पण फ्रीजबाहेर महिनोन् महिने टिकणाऱ्या दुधाच्या नि ज्यूसच्या कार्टनमध्ये कागद आणि प्लॅस्टिकच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो. आतलं प्लॅस्टिक शाबूत आहे तोवर काही होत नाही, पण कापलेल्या कडेला किंवा ओरखडा गेला तिथे तो पापुद्रा उघडा पडतो आणि मिश्रण तिथपर्यंत पोचलं की पुन्हा तेच. चिप्सच्या गोल उभ्या डब्यांनाही आतून बहुतेक चंदेरी अस्तर असतं, तेही मी वापरत नाही.

मग काय वापरायचं. प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो तो बघा. २ आणि ५ हे आपले. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दोघांनाही कॉस्टिकचं काही वाटत नाही आणि साबण तापला तरी ते वितळत नाहीत. आईस्क्रीमचे डबे, झाकणाचे पांढरे डबे बऱ्याचदा ५ नंबरचे असतात. १ नंबर म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक, ते घेऊ नका, गरम कॉस्टिक त्याला हळूहळू खातं आणि उष्णतेनं ते आक्रसतं. ६ नंबरचे पातळ कडक कप ठिसूळ असतात, साबण काढताना पिळलं की तडकतात. काच नको, ती वाकत नाही, साबण धरून बसते, आणि तापली की फुटायची भीती.

साबण तापतो म्हणजे किती, हेही त्या लेखात नव्हतं. ओतताना मिश्रण कोमटसर असतं, पण ओतल्यावर काही तासांत आतली क्रिया जोर धरते आणि मधला भाग ७० ते ८० अंशांपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा साबण मधून पारदर्शक, जेलीसारखा दिसतो, घाबरायचं काही नसतं. पण साचा एवढं सोसणारा पाहिजे. तयार साबणाचा बेस वितळवून ओतणाऱ्यांचं काम वेगळं आहे, त्यात सुटं कॉस्टिक उरलेलं नसतं आणि तो ५०-५५ अंशांवर ओतता येतो, त्यामुळे त्यांना पातळ प्लॅस्टिकसुद्धा चालतं. हे दोन प्रकार लोक एकच समजतात आणि एकाचा साचा दुसऱ्याला लावतात.

आता माझा साचा सांगते. गेली चार वर्षं तो एकच वापरतेय आणि तो ऑफिसमध्ये वापरतात त्या प्लॅस्टिकच्या पातळ फाईलचा आहे. या फाईली बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, म्हणजे तोच ५ नंबर. पॉलिप्रॉपिलीनचा गुण असा की एकाच रेघेवर कितीही वेळा दुमडलं तरी मोडत नाही, शांपूच्या बाटलीचं उघडझाप करणारं झाकण असतं ना, त्याची ती पातळ बिजागरी याच प्लॅस्टिकची असते. त्यामुळे त्याचा घडीचा डबा होतो, साबण घट्ट झाला की डबा उलगडायचा, सपाट करून धुवायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा घडी घालायची.

माप असं. मला २५ सेंमी लांब, ८ सेंमी रुंद आणि ७ सेंमी उंच डबा पाहिजे, त्यात ६ सेंमीपर्यंत ओतायचं. म्हणून फाईल उघडून त्यातून ३९ बाय २२ सेंमीचा सलग तुकडा कापला, २५ मध्ये दोन्हीकडचे सात-सात मिळवले की ३९ आणि ८ मध्ये मिळवले की २२. तुकडा सलगच पाहिजे, फाईलची भोकं त्यात आली तर तिथून गळतं. मग चारही कडांपासून ७ सेंमी आत पट्टीनं रेघा मारल्या, पण ब्लेडनं नाही बरं, ब्लेडनं प्लॅस्टिक कापलं जातं, शाई संपलेलं बॉलपेन घ्यायचं आणि पट्टीला धरून दाबून दोनतीनदा ओढायचं, नुसती खाच पडते. त्या खाचांवर चारही बाजू उभ्या दुमडल्या.

कोपरे कापायचे नाहीत. सगळी गंमत इथे आहे आणि इथेच लोक चुकतात, कोपऱ्याला कात्री लावतात, वरून चिकटपट्टी लावतात, आणि पातळ मिश्रण असलं की तिथून हळूहळू झिरपतं. प्रत्येक कोपऱ्यात ७ बाय ७ चा चौकोन असतो, त्याला आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी खाच पाडायची आणि तो चौकोन त्या तिरक्या रेघेवर बाहेरच्या बाजूला चिमटायचा. त्रिकोणी कान तयार होतो. तो कान आखूड बाजूच्या भिंतीवर बाहेरून दुमडायचा, दुसऱ्या कोपऱ्याचाही तसाच, भिंत ८ सेंमीची आणि कान ७-७ सेंमीचे त्यामुळे वरच्या कडेला ते एकमेकांवर येतात, तिथे एक बाइंडर क्लिप लावली की दोन्ही कान धरले जातात. दुसऱ्या टोकाला दुसरी क्लिप. अख्ख्या डब्याला दोन क्लिपा आणि कुठेही काप नाही, त्यामुळे पाणी भरून ठेवलं तरी गळत नाही. मी पहिल्यांदा तसंच करून बघितलं होतं, रात्रभर पाणी भरून खाली कोरा कागद ठेवला, सकाळी कागद कोरडा. तुम्हीही साबण ओतायच्या आधी हे करा, एक रात्र जाते पण सोन्यासारखं तेल वाया जात नाही.

एकच अडचण, या भिंती पातळ असतात, सव्वा किलोच्या आसपास मिश्रण आत पडलं की लांब बाजू पोट आल्यासारख्या फुगतात आणि वड्या मध्ये जाड टोकाला बारीक होतात. म्हणून बाहेरून आधार पाहिजे. माझ्याकडे १२ मिमी प्लायवूडच्या चार पट्ट्या आणि एक तळ आहे, त्या नुसत्या उभ्या करून भोवती दोन जाड रबर बँड लावते, खिळा नाही, गोंद नाही. आतलं माप डब्यापेक्षा दोनतीन मिमी जास्त ठेवलंय, कारण टोकाला कानांची जाडी येते. लाकूड नसेल तर दोन्ही लांब बाजूंना जाड पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लावली आणि बांधली तरी काम होतं. लाकडाचा एक फायदा आहे, ते ऊब धरून ठेवतं त्यामुळे साबण सगळीकडे सारखा तापतो, नाहीतर मधला भाग गडद आणि कडेनं फिका असा गोल दिसतो कापल्यावर. साबणाला त्यानं काही होत नाही पण दिसायला बरं नाही. लाकडाच्या साच्यात अस्तराशिवाय थेट मात्र ओतू नका, लाकूड मिश्रणातलं पाणी नि कॉस्टिक दोन्ही पितं, साबण चिकटतो आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी, असेल तर फुगून बसतं.

ज्यांना सुतारकाम जमतं त्यांनी दोन लांब बाजू लांब बोल्ट आणि विंग नटनं जोडलेला लाकडी साचा करावा, तो आयुष्यभर जातो. अस्तर म्हणून बटर पेपर चालतो, पण तो दर वेळी नवा आणि त्याच्या चुण्या साबणावर उमटतात. मेणकागद नको, त्याचं मेण गरम साबणात सुटतं आणि कागद वडीला चिकटतो. आणि घाईघाईत कोणी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं अस्तर लावू नये, का ते वर सांगितलंच. फाईलच्या घडीचंच अस्तर लावलं तर काहीच टाकावं लागत नाही. फाईलची गुळगुळीत बाजू आत ठेवा, खडबडीत बाजू आत आली तर तिचे बारीक ठिपके वडीवर तसेच्या तसे येतात, काहींना ते आवडतातही.

किती तेल घ्यायचं हा पुढचा प्रश्न, कारण साच्याचं माप आणि तेलाचं वजन जुळलं नाही तर एकतर साचा अर्धा राहतो नाहीतर मिश्रण उरतं आणि मग ऐनवेळी दिसेल तो डबा शोधावा लागतो, माझा अ‍ॅल्युमिनियमचा डबा तसाच पुढे आला होता. हिशेब सोपा आहे, साच्याच्या आतली लांबी, रुंदी आणि जितकं भरायचं ती उंची सेंमीमध्ये घेऊन गुणायचं, आणि आलेल्या आकड्याला ०.७ नं गुणायचं, तेवढे ग्रॅम तेल. माझं २५ गुणिले ८ गुणिले ६ म्हणजे १२००, त्याला ०.७ नं गुणलं की ८४० ग्रॅम तेल, बाकीची जागा कॉस्टिकचं पाणी घेतं. अडीच सेंमीच्या १० वड्या निघतात, प्रत्येक साधारण १२० ग्रॅमची, वाळल्यावर वजन थोडं कमी होतं. कॉस्टिक किती हे मात्र या हिशेबावरून काढू नका, प्रत्येक तेलाला वेगळं लागतं, ते तक्त्यावरूनच बघायचं.

ज्यांना गोल वड्या हव्यात त्यांच्यासाठी पीव्हीसीचा पाइप आहे, प्लंबरकडे उरलेले तुकडे पडलेले असतात, ७५ मिमीचा फूटभर तुकडा पुरतो. एका टोकाला टोपी बसवायची. याच्यात साबण अडकतो अशी सगळ्यांची तक्रार, आणि ती खरी आहे कारण पाइप उघडत नाही. त्यावर माझा उपाय तोच, आत फाईलचाच एक पत्रा गुंडाळी करून सरकवायचा, साबण घट्ट झाला की गुंडाळीसकट ढकलून बाहेर आणि मग गुंडाळी सोलून काढायची. पाइपमध्ये ओताल तेव्हा मिश्रण फार गरम नको आणि वरून गोधडी गुंडाळू नका, पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडतं.

साच्याला आतून काय लावायचं यावरही घोटाळा आहे. बऱ्याच जणी खायचं तेल लावतात आणि मग म्हणतात तरी चिकटला. चिकटणारच, कारण कॉस्टिकला तेच तर पाहिजे असतं, साच्याला लावलेल्या तेलाचाही तो साबण करून टाकतो आणि मध्ये थर असा काही उरतच नाही. पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिन लावा, ती खनिज तेलं आहेत, त्यांचा साबण होत नाही, म्हणून थर शेवटपर्यंत टिकतो. बोटानं अगदी पातळ फिरवायचं. फाईलच्या साच्याला तेही लागत नाही.

आकाराच्या वड्या, पानाफुलांच्या, शिंपल्याच्या, त्यासाठी सिलिकॉनचे तयार साचे मिळतात, पण आपल्याला पाहिजे तोच आकार मिळेल असं नसतं. तो घरी करता येतो. खिडक्यांच्या फटी भरायला सिलिकॉन सीलंटची नळी मिळते, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ती घ्यायची, आणि नळीवर बुरशी रोखणारं औषध घातलंय असं लिहिलेलं असेल तर ती नको. रंग देता येतो असं लिहिलेली अ‍ॅक्रिलिकची नळीही नको, ती या कामाची नाही. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात भांड्याचं लिक्विड सढळ हातानं घालायचं, हातमोजे घालून त्या पाण्यातच सिलिकॉन पिळायचं आणि पाण्याखालीच मळत राहायचं, सुरुवातीला बोटांना चिकटतं मग हळूहळू कणकेसारखा गोळा होतो. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं, पाण्यात मळल्यानं ते काम लवकर सुरू होतं. गोळा चिकटायचा थांबला की ज्याचा साचा करायचा ती वस्तू लिक्विडच्या पाण्यात बुडवून गोळ्यात दाबायची, चारी बाजूंनी निदान सेंटिमीटरभर जाडी राहू द्यायची, तळ पाटावर दाबून सपाट करायचा म्हणजे नंतर साचा डुगडुगत नाही. काही तासांनी वस्तू काढली की साचा तयार. खिडक्या उघड्या ठेवून करा, तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो, डोळ्यांना झोंबतो. आणि साचा लगेच वापरू नका, चारपाच दिवस हवेवर ठेवा, वास पूर्ण गेला की आत घट्ट झालं समजायचं.

मी पहिला साचा एका शंखाचा केला होता आणि फसला, कारण शंखाच्या तोंडाशी आत वळलेला भाग होता, त्यात सिलिकॉन शिरलं आणि शंख काढताना तिथेच फाटलं. तळाला रुंद आणि वर निमुळती होत जाणारी वस्तू निवडा. दुसरा साचा एका लाकडी ठोकळ्याचा केला, त्यावर पानाच्या शिरा कोरलेल्या होत्या, आणि पहिली वडी काढली तेव्हा त्यातली केसाएवढी शिरसुद्धा साबणावर उठली होती. मुलगी ती वडी वापरायलाच देईना.

सिलिकॉनमध्ये साबण थोडा उशिरा घट्ट होतो कारण त्यातून पाणी उडायला वाव नसतो. फाईलच्या साच्यातून मी एका दिवसात काढते, सिलिकॉनच्या छोट्या खणातून दोनतीन दिवस थांबते, तरी मऊ वाटला तर तासदोन तास फ्रीझरमध्ये, मग वडी आक्रसून कडेपासून सुटते. बोट दाबून खड्डा पडत असेल तर काढूच नका, थांबा. अर्धा दिवस थांबायचा कंटाळा केला म्हणून मोडलेल्या वड्या मी खूप बघितल्यात.

काढताना हातमोजे विसरू नका. पहिल्या दिवशी साबण घट्ट दिसला तरी आत कॉस्टिक शिल्लक असू शकतं आणि साच्याच्या कडेला, घडीत जे ओलं राहिलेलं असतं ते हाताला झोंबतं. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर नाही, हे तुमच्या लेखात होतं, त्यातले चष्मा आणि मोजे साचा धुताना पण लागू आहेत असं मी म्हणेन. मी तर साचा लगेच धुतच नाही, दोन दिवस तसाच ठेवते, चिकटलेल्या कणांचा तोवर साबणच होतो आणि गरम पाण्यात फेस होऊन निघून जातो. आणि एकदा साबणाला वापरलेला साचा पुन्हा स्वयंपाकाला नको, विशेषतः सिलिकॉनचा, त्यात सुगंध मुरून बसतो. माझ्या साच्यांवर मार्करनं साबण असं लिहून ठेवलंय आणि ते वेगळ्या कपाटात असतात.

मग काढलेल्या वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरायला ठेवायच्या, ते लेखात आलंच होतं.

संपादक साहेब, विनंती एवढीच की हे पत्र लांब म्हणून कापायचं झालं तर सिलिकॉनचं कापा, पाइपचं कापा, पण अ‍ॅल्युमिनियमबद्दल आणि कोपरे न कापता घडी घालायची ती दोन कलमं तेवढी ठेवा. घडीचं चित्र मी पेन्सिलनं काढून सोबत जोडलंय, मापं त्यावर लिहिली आहेत, जागा असेल तर तेही छापा, शब्दांपेक्षा चित्र बघून ती घडी पटकन जमते. ज्या दोघीतिघींचे फोन आले होते त्यांना मी फाईल आणि दोन क्लिपा घेऊन यायला सांगितलंय, येत्या रविवारी आम्ही आधी साचेच करणार आहोत, रात्रभर पाणी भरून ठेवणार आहोत, आणि कागद कोरडे निघाले तरच सोमवारी कॉस्टिकचा डबा उघडणार आहोत.

आपली,
एक नियमित वाचक